लहान धर्मग्रामाचा आठवडा : चर्चमधली कामं, वस्तू, वेळा आणि नेमकं कुठे अडतं

चिकूवाडी
वसईतल्या मोठ्या धर्मग्रामांत (एका चर्चचा परिसर आणि तिथली कुटुंबं) दोन-तीन फादर असतात, पगारी ऑफिस असतं, कामं आपोआप होतात. हा धागा त्यांच्यासाठी नाही. दीडशे-दोनशे कुटुंबं, एकच धर्मगुरू, सॅक्रिस्टन (चर्चच्या वस्तू सांभाळणारा) असलाच तर अर्धवेळ आणि बाकी सगळा भार लोकांच्या खांद्यावर, अशा चर्चचा आठवडा कसा चालवायचा याची नेमकी माहिती एका जागी यावी म्हणून धागा काढतोय.

साधारण चित्र असं : शनिवारी संध्याकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना (ती रविवारचीच धरली जाते), रविवारी सकाळी एक किंवा दोन, धर्मशिक्षणाचे वर्ग. सोमवारी बहुतेक ठिकाणी फादरांची सुटी. बुधवारी निरंतर साहाय्यक मातेची नोव्हेना (मरियामातेची ठरावीक प्रार्थना), जी माहीमला १९४८ साली सुरू झाली आणि तिथून आपल्याकडे गावोगाव पोचली. गुरुवारी किंवा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आराधना. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी ख्रिस्तशरीर (मिस्सेत अभिषेक झालेली ओस्ती, म्हणजे गव्हाची पातळ चकती). मधल्या एका संध्याकाळी एखाद्या आळीत जपमाळ आणि बायबलवाचन.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रविवारची मिस्सा विस्कटते ती रविवारी नव्हे, गुरुवारी. वाचक कोण, गाणी कोणती, ओस्त्या किती शिल्लक, जाहिराती (मिस्सेत द्यायच्या सूचना) कोणी लिहायच्या, हे गुरुवार रात्रीपर्यंत कागदावर आलं नाही की रविवारी सकाळी सॅक्रिस्टीत (मिस्सेच्या तयारीच्या खोलीत) बाजार भरतो. फादर झगा चढवत असतात आणि तीन जण त्यांच्या कानाशी लागलेले असतात.

ज्याला जे काम ठाऊक आहे त्याने ते लिहावं. अनुभवकथन नको, कृती हवी.

घंटानाद
सॅक्रिस्टीपासून सुरुवात करतो.

ओस्त्या : आधी टॅबरनॅकलमध्ये (अभिषेक झालेल्या ओस्त्या ठेवायच्या कुलूपबंद पेटीत) किती आहेत ते बघा, मगच सिबोरियम (ओस्त्यांचं झाकणाचं पात्र) भरा. लोक तीनशे आणि आत दीडशे असतील तर नव्या दीडशेच. भीतीपोटी प्रत्येक मिस्सेला सिबोरियम काठोकाठ भरलं की जुन्या तळाशी राहतात आणि पावसाळ्यात त्यांना बुरशी धरते. जून ते सप्टेंबर टॅबरनॅकलमधल्या दर आठवड्याला संपवून नव्या ठेवा, एरवी पंधरवड्याला. अभिषेक न झालेल्या ओस्त्यांचा डबा हवाबंद, आत सिलिका जेलची पुडी, वर आणल्याची तारीख. नरम पडलेली ओस्ती ऊन दाखवून पुन्हा कुरकुरीत करायला जाऊ नका, ती वाकडी होते आणि मोडताना चुरा पडतो. ओस्ती फक्त गव्हाची, बिनखमिराची आणि ताजी. कोणाला ग्लूटेन चालत नसेल तर कमी ग्लूटेनची मिळते, पण तिचं छोटं पात्र वेगळं ठेवा आणि फादरांना आधी सांगा. ग्लूटेन अजिबात नसलेली ओस्ती मिस्सेला चालत नाही. मग त्या व्यक्तीला फक्त चषकातून देण्याचा मार्ग उरतो.

वाईन : शुद्ध द्राक्षाची, धर्मप्रांताने ठरवून दिलेल्या ठिकाणचीच. एका धर्मगुरूला तीस-चाळीस मिली पुरते. बाटली उघडली की फ्रीजमध्ये. आपल्या हवेत बाहेर राहिली की आंबट होते आणि तिचा व्हिनेगर झाला तर ती चालतच नाही. मिस्सेआधी वास घ्यायचा, ही सवय ठेवा. पाण्याची आणि वाईनची कुपी दोन्ही पारदर्शक काचेच्या हव्यात. धातूच्या असतील तर खूण करा, नाहीतर चषकात निम्मं पाणी जातं. मिस्सा संपली की कुप्या लगेच धुवा, मुंग्या दहा मिनिटांत येतात.

चषक : पितळेचे दिवे चिंचेने घासा, हवे तेवढे घासा. तोच हात चषकाला लावू नका. आतला सोन्याचा मुलामा चिंच, राख, पावडर कशानेही उडतो आणि पुन्हा चढवायला चांगला खर्च येतो. कोमट पाणी, मऊ कापड, बस.

कापडं : चषक पुसायचं प्युरिफिकेटर आणि वेदीवर अंथरायचं कॉर्पोरल थेट वॉशिंग मशीनमध्ये टाकायचं नाही. आधी साध्या पाण्यात खळबळा. ते पाणी सॅक्रेरियममध्ये (थेट मातीत निचरा होणारी सॅक्रिस्टीतली खास मोरी), ते नसेल तर बागेत, कोणाचा पाय पडणार नाही अशा जागी मातीत ओता. त्यानंतर नेहमीसारखं धुवा. प्युरिफिकेटरला खळ घालू नका, पाणी टिपत नाही. कॉर्पोरलला हलकी खळ चालते. घडी आतल्या बाजूला, तीन बाय तीन, म्हणजे उघडल्यावर नऊ चौकोन दिसतात. अशी घडी असली की पडलेले कण आतच राहतात. मेण सांडलं तर नखाने खरवडू नका. वर-खाली टिपकागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा.

मेणबत्त्या : रोजच्या मिस्सेला दोन, रविवारी चार किंवा सहा. टॅबरनॅकलची किल्ली मिस्सा झाली की काढून ठेवायची. ती कुलपातच लटकती राहणं ही लहान चर्चमधली सगळ्यांत जास्त दिसणारी चूक.

सोनचाफा
घंटानाद, फुलांचं राहिलं. वसईत फुलांना तोटा नाही, म्हणूनच घोळ जास्त. प्रत्येक घरातून टोपली येते आणि वेदी दिसेनाशी होते. फुलं वेदीवर नव्हे, वेदीच्या आजूबाजूला. टॅबरनॅकल आणि वाचनपीठ झाकलं जाता कामा नये. लिलीचे परागकेसर आधीच चिमटीने काढा, त्याचा पिवळा डाग वेदीच्या कापडावरून जात नाही. निशिगंध बंद चर्चमध्ये रात्रभर ठेवला तर सकाळी पहिल्या बाकावरच्या लोकांचं डोकं धरतं. शनिवारी दुपारी सजावट, रविवारी पहिल्या मिस्सेआधी पाणी बदलायचं, मंगळवारी सगळं काढायचं. बुधवारपर्यंत ठेवलं की पाण्याला वास आणि डासांची अंडी.

उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) फुलं नाहीत. अपवाद चौथ्या रविवारचा आणि मधल्या मोठ्या सणांचा. आगमनकाळात (नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळात) चालतात, पण बेताने. नाताळची आरास नाताळलाच.

चिकूवाडी
धूपाबद्दल कोणी लिहील का? दर सणाला वेदीसेवक मुलं धुरकांड करतात.

घंटानाद
मिस्सेच्या किमान पंधरा मिनिटं आधी, चर्चच्या बाहेर, कोळसा पेटवा. नारळाच्या करवंटीचा कोळसा आपल्याकडे मुबलक आहे आणि उत्तम जळतो. वर राखेचा पांढरा थर आला, आत लाल दिसलं की तयार. काळा असतानाच धूप घातला की नुसता धूर आणि खोकला. बाजारातल्या झटपट पेटणाऱ्या चकत्यांना सुरुवातीला ठिणग्या उडतात, पोरांच्या झग्याला भोकं पडतात. धूपदाणीच्या तळाला वाळूचा पातळ थर घाला, भांडं तापत नाही. धूप एका वेळी अर्धा चमचा. मिस्सा संपल्यावर निखारे ओतून पाणी मारा, तसेच सॅक्रिस्टीत ठेवू नका. तिथे कापडंच कापडं असतात.

आळीवरची
चकत्यांबद्दल असहमत. ज्या चर्चला कोळसा फुलवायला माणूस नाही तिथे चकतीच बरी. फक्त बाहेर पेटवा आणि ठिणग्या थांबेपर्यंत हात लावू नका.

पहिलं वाचन
वाचकांविषयी लिहितो, कारण मिस्सेच्या पहिल्या भागाचा निम्मा भार त्यांच्यावर असतो आणि तयारी मात्र सगळ्यांत कमी.

रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र आहे : 'अ' वर्षात मुख्यतः मत्तयचं शुभवर्तमान, 'ब' मध्ये मार्कचं, 'क' मध्ये लूकचं. योहान उपवासकाळात आणि पुनरुत्थानकाळात (ईस्टरपासून पुढचे आठवडे) येतो, शिवाय मार्कचं शुभवर्तमान लहान असल्याने 'ब' वर्षात काही रविवारी. वर्ष आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी बदलतं, एक जानेवारीला नाही. ३० नोव्हेंबर २०२५ ला 'अ' सुरू झालं, २९ नोव्हेंबर २०२६ ला 'ब' सुरू होतं. दर डिसेंबरात कुठेतरी मागच्या वर्षाचं पान उघडून वाचलं जातं ते यामुळेच. आगमनकाळानंतरच्या जानेवारीत जो सन लागतो तो तीनने भागला आणि बाकी उरली नाही तर 'क', एवढं लक्षात ठेवा. आगमन, नाताळ, उपवास आणि पुनरुत्थान हे काळ सोडले तर रोजच्या मिस्सेला पहिल्या वाचनाचं चक्र दोन वर्षांचं, विषम सनाला पहिलं, सम सनाला दुसरं.

वाचकाला पान बुधवारी द्या. फोटो काढून पाठवायचा असेल तर वाचनग्रंथाच्याच पानाचा पाठवा, घरातल्या बायबलचा नको. वाक्यरचना वेगळी असते आणि आयत्या वेळी जीभ अडखळते. घरी तीनदा मोठ्याने वाचायचं. यहेज्केल, हबक्कूक, थेस्सलनीका अशी नावं तोडून पेन्सिलीने कागदावर लिहा, ग्रंथावर नाही. लाल अक्षरातल्या सूचना आणि अध्याय-ओवीचे आकडे वाचायचे नसतात.

माइकपासून तोंड एक वीत दूर. 'प' आणि 'फ' ला फट्फट् आवाज येत असेल तर माइक हनुवटीच्या पातळीला उतरवा. वाचनपीठाशी पोचल्यावर आणि वाचन संपल्यावर तीन श्वास थांबा. लोक बसायच्या आत पहिलं वाक्य संपलेलं असतं, हा नेहमीचा दोष. आणि पत्राचं वाचन पत्रासारखं वाचा. बायबलमधली पत्रं लिहिणारा पौल लांब वाक्यं लिहितो. त्याचं क्रियापद कुठे आहे ते आधी शोधा आणि तिथपर्यंत दम टिकवा.

श्रद्धावंतांच्या प्रार्थना चार पुरेत. क्रम ठरलेला आहे : ख्रिस्तसभेसाठी, राज्यकर्त्यांसाठी आणि जगासाठी, अडचणीत असलेल्यांसाठी, मग आपल्या गावासाठी. नऊ-दहा प्रार्थना करून त्यात देणगीदारांची नावं घुसवणं म्हणजे जाहिरात झाली.

पेटीवाला
गायनवृंदाचं मूळ दुखणं पट्टी. गाणाऱ्या मुली काळी चारला छान गातात आणि मागच्या बाकांवरचे पुरुष गप्प होतात. लोकांनी गायचं गाणं असेल तर त्याचा सर्वांत उंच स्वर वरच्या सप्तकातल्या पांढरी दोनच्या पुढे जाऊ नये. आधी तो उंच स्वर शोधा, मग सा ठरवा. उलटं करतात म्हणून फसतं.

चार गीतं : प्रवेशाचं, अर्पणाचं, ख्रिस्तशरीर घेतानाचं, शेवटचं. अर्पणाचं गीत फादरांनी हात धुतले की थांबलंच पाहिजे, कडवी राहिली तरी. ख्रिस्तशरीराचं गीत फादर स्वतः घेतात तेव्हा सुरू होतं, रांग संपत आल्यावर नाही. तीच मोठी जागा आहे, तिथे सहा कडव्यांचं गीत ठेवा. दर रविवारी एकापेक्षा जास्त नवं गीत नको आणि नवं गीत सलग चार रविवार चाललं पाहिजे. लोकांच्या तोंडी बसायला तेवढं लागतंच. 'पवित्र, पवित्र' आणि 'देवाच्या कोकरा' यांच्या चाली महिनोन्‌महिने बदलू नका. हे भाग लोकांचे आहेत, आपल्या रियाजाचे नाहीत.

उपवासकाळात गौरवगीत (देवाच्या स्तुतीचं गीत) आणि आलेलुया (शुभवर्तमानाआधीचा जयघोष) दोन्ही नाही, आगमनकाळात गौरवगीत नाही पण आलेलुया आहे. इथे हमखास चूक होते. उपवासकाळात वाद्य फक्त गाण्याला आधार म्हणून, मध्ये मोकळी पेटी वाजवायची नाही, चौथा रविवार सोडून. पवित्र गुरुवारी (ईस्टरआधीच्या) गौरवगीतानंतर ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणविधीच्या गौरवगीतापर्यंत मोकळं वादन नाही. पेटी वाजलीच तर सूर देण्यापुरती.

पावसाळ्यात तबल्याची पुडी सैल पडते. खोक्यात कमी वॅटचा बल्ब लावून ठेवला तर टिकते, पण पुडीपासून वीतभर लांब. पेटीचा भाता दर आठवड्याला पाच मिनिटं नुसता हलवून हवा खेळती ठेवा, नाहीतर कापडाला बुरशी लागते.

आळीवरची
कराओके ट्रॅकवर गाणाऱ्यांचं काय करायचं?

पेटीवाला
बंद करायचं. ट्रॅक फादरांसाठी थांबत नाही. लोक तालात मागे पडले तरी तो पुढे जातो. एक पेटी आणि दोन खणखणीत आवाज पुरतात.

जुनी वही
ऑफिसकडे येऊ. इथली चूक वीस वर्षांनी उघडकीला येते, म्हणून सावकाश लिहितो.

मिस्सेच्या उद्देशांची (मिस्सा कोणासाठी अर्पण करायची त्याची) वही : तारीख, वेळ, कोणासाठी, कोणी दिलं, अर्पण किती, मिस्सा झाल्यावर खूण. या सहा रकान्यांशिवाय पैसे घेऊ नका. चिठ्ठीवर घेतलेला उद्देश हरवतो आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी घरचे लोक नाव ऐकायला कान टवकारून बसलेले असतात. स्वीकारलेली मिस्सा वर्षाच्या आत झाली पाहिजे. फादरांनी दिवसाला एकाच मिस्सेचं अर्पण स्वतःसाठी ठेवायचं असतं. रविवारची एक मिस्सा सगळ्या धर्मग्रामासाठी अर्पण करणं प्रमुख धर्मगुरूंवर बंधनकारक आहे. त्यामुळे दोन मिस्सा असलेल्या चर्चमध्ये रविवारी खासगी उद्देशाला एकच जागा उरते. लोक चिडतात, पण नियम तसा आहे. हे नोटीस बोर्डावर लिहून ठेवा, भांडण निम्मं कमी होतं. अनेक उद्देश एकाच मिस्सेत घ्यायचे असतील तर देणाऱ्यांची संमती हवी, जागा आणि वेळ आधी जाहीर हवी आणि आठवड्यातून दोनपेक्षा जास्त दिवस नाही. हा १९९१ सालचा रोमचा आदेश आहे, कोणा फादरांच्या मनचं नाही.

बाप्तिस्म्याचं रजिस्टर : हे चर्चचं सगळ्यांत महत्त्वाचं कागदपत्र. समासात पुढे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) आणि विवाह यांची नोंद येते. विवाहासाठी सहा महिन्यांच्या आत काढलेला नवा दाखला मागतात तो याच समासातल्या नोंदी बघण्यासाठी. लोक घरातला लॅमिनेट केलेला जुना दाखला घेऊन येतात आणि वाद घालतात. विवाह दुसऱ्या धर्मग्रामात झाला तर तिकडून कळवण्याचा कागद येतो. तो आला की त्याच दिवशी समासात चढवा. फायलीत पडून राहिला तर त्या माणसाची नोंद कायमची अर्धी.

नावं : आधारवरचं स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावरचं आणि रजिस्टरमधलं वेगवेगळं असतं. लोपीस-लोपेस, डिसोजा-डिसोझा. बाप्तिस्म्याच्या वेळी आई-वडिलांच्या कागदाची प्रत घ्या आणि नाव लिहून झाल्यावर त्यांच्याकडून वाचून घ्या. चूक झाली तर खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नाहीच. एक सरळ रेघ, बाजूला दुरुस्ती, सही, तारीख. जेल पेन नको, दमट हवेत शाई पसरते. रजिस्टर भिंतीला टेकलेल्या कपाटात ठेवू नका, वाळवी भिंतीतून येते. लोखंडी कपाट, भिंतीपासून हातभर पुढे, आणि स्कॅन केलेली प्रत दुसऱ्या इमारतीत.

दानाचे पैसे : मोजायला नेहमी किमान दोघं, एकमेकांचे नातेवाईक नसलेले, आणि जोडी महिन्याला बदलायची. मोजल्यावर नोटांचा तपशील लिहिलेली चिठ्ठी, दोघांच्या सह्या, सीलबंद पाकीट, सोमवारी बँक. 'विश्वासाचा माणूस आहे' म्हणून एकट्याकडे देणं हे त्या माणसावरच अन्याय करणारं आहे. उद्या दोनशे रुपये कमी भरले तर त्याच्याकडे पुरावा काय? क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच. ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी, मिशन संडेला, गोळा होतं ते सगळं पुढे जातं, चर्चच्या छपराला वापरायचं नसतं.

जाहिराती : ख्रिस्तशरीरानंतरची प्रार्थना झाल्यावर, आशीर्वादाआधी. दोन मिनिटं. नोटीस बोर्डावर जे आहे ते पुन्हा वाचू नका.

प्रवासी
मी ख्रिस्ती नाही, पण वसईच्या मित्राच्या मुलीच्या लग्नाची मिस्सा आहे. काही चुकू नये म्हणून विचारतो. बसायचं-उठायचं कधी, आणि ती पांढरी चकती सगळ्यांना देतात ती घ्यायची की नाही? नाकारणं वाईट दिसेल का?

पहिलं वाचन
अजिबात वाईट दिसत नाही. ख्रिस्तशरीर फक्त बाप्तिस्मा झालेले आणि तयारी असलेले कॅथलिक घेतात. तुम्ही बाकावर बसून राहा, शेजारच्याला जायला वाट द्या. भिडेखातर रांगेत जाऊन हातात घेणं आणि खिशात ठेवणं, हे मात्र फार गंभीर मानलं जातं. उठ-बस पुढच्या बाकाकडे बघून करा, म्हणजे सरळ मधल्या ओळीत बसा, पहिल्या नको. गुडघे टेकायच्या वेळी बसून राहिलात तरी चालतं. बायका डोक्यावर पदर घेतात का, तर सक्ती नाही. फोन बंद.

नगरी मास्तर
वसईकरांचं सगळं वाचलं. आमच्याकडे नगर-श्रीरामपूर-संगमनेर पट्ट्यात चित्र वेगळं. मुख्य चर्च एका गावात आणि भोवती दहा-पंधरा वस्त्या. फादर प्रत्येक वस्तीवर दर रविवारी पोचू शकत नाहीत. आठवड्यातल्या एकेका संध्याकाळी एकेका वस्तीवर मिस्सा, तीही शेतातून माणसं परतल्यावर आणि दूध घातल्यावर, म्हणजे आठच्या पुढे. सातची वेळ जाहीर करून काही उपयोग नाही.

बाकी रविवारी प्रचारक मास्तर किंवा सिस्टर शब्दविधी घेतात : सुरुवातीची प्रार्थना, दिवसाची वाचनं, छोटं मनन, प्रार्थना, 'हे आमच्या स्वर्गातील बापा'. ख्रिस्तशरीर वाटायला धर्मप्रांताची परवानगी असलेली व्यक्तीच हवी. आणि ही मिस्सा नव्हे हे लोकांना स्पष्ट सांगायचं. वेदीमागच्या फादरांच्या खुर्चीत मास्तरांनी बसू नये.

वस्तीवरच्या मिस्सेची पेटी तयार ठेवा. मिस्साग्रंथ, वाचनग्रंथ, चषक-थाळी, ओस्त्यांचा छोटा डबा, वाईनची शंभर मिलीची बाटली, दोन कुप्या, कॉर्पोरल, दोन प्युरिफिकेटर, वेदीचं कापड, क्रूस, स्टोल (फादरांच्या गळ्यातली पट्टी) आणि झगा, दोन मेणबत्त्या काचेच्या चिमणीसकट (उघड्यावर वारा ठरू देत नाही), काडेपेटी प्लास्टिकमध्ये, बॅटरी. यादी झाकणाच्या आत चिकटवा आणि परत येताना तीच यादी बघून भरा. मागे राहतं ते नेहमी एकच, क्रूस.

मिस्सा चौरंगावर होते, सगळे सतरंजीवर. चपला बाहेर. आरती, अंजली मुद्रेने शांतीचा नमस्कार, मेणबत्तीऐवजी समई या गोष्टींना भारतातल्या चर्चसाठी १९६९ साली रोमने मान्यता दिलेली आहे, त्यामुळे 'हे चर्चचं नाही' म्हणणाऱ्यांना तेवढं सांगा. भजनाला ढोलकी, झांज, असली तर पेटी. भजन लांबवायचा मोह आवरा, नऊनंतर म्हातारी माणसं आणि पोरं पेंगतात. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेच्या दिवसांत वस्त्यांवर काही ठेवू नका, कोणी सापडत नाही.

चिकूवाडी
मास्तर, हे फार कामाचं. आता आजाऱ्यांच्या भेटीबद्दल कोणी?

आळीवरची
यादी महिन्याच्या शेवटच्या रविवारी नव्याने करा. जुनी यादी घेऊन गेलं की कोणी दवाखान्यात असतं, कोणी मुलाकडे मुंबईला, आणि नव्याने अंथरुणाला खिळलेल्याचं नाव त्यात नसतंच. घरच्यांना आदल्या दिवशी वेळ कळवा. तयारी साधी : छोट्या टेबलावर पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, ग्लासभर पाणी आणि चमचा. टीव्ही बंद, कुत्रा बांधलेला. नेणाऱ्याने चर्चमधून थेट घरी जायचं, मध्ये भाजी घेणं किंवा गप्पा नाहीत. गिळता येत नसेल तर अगदी लहान तुकडा, मागून चमचाभर पाणी. एक तासाच्या उपासाचा नियम आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना लागू नाही, हे बऱ्याच म्हाताऱ्यांना माहीत नसतं. ते गोळी घेतली म्हणून ख्रिस्तशरीर नाकारतात.

रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला तेल लावून देतात तो संस्कार) फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. शेवटच्या श्वासाची वाट बघू नका. मोठं ऑपरेशन ठरलं की तेव्हाच बोलवा. माणूस शुद्धीवर असताना त्याला पापनिवेदनही करता येतं.

गरीब कुटुंबांची मदत सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी बघते, जिथे ती आहे तिथे. नियम दोनच महत्त्वाचे : भेटीला नेहमी जोडीने जायचं, आणि नावं बैठकीबाहेर जाऊ द्यायची नाहीत. किराणा देताना फोटो काढून ग्रुपवर टाकणारे त्या घराला पुढच्या वेळी दार लावायला शिकवतात.

जुनी वही
एक गोष्ट आठवड्याचं गणित मोडते, ती म्हणजे मयत. शनिवारी मृत्यू झाला आणि रविवारी दफन ठरलं तर आधी चर्चचं पंचांग बघा. आगमनकाळ, उपवासकाळ आणि पुनरुत्थानकाळ यांतल्या रविवारी आणि पवित्र आठवड्याच्या शेवटच्या तीन दिवसांत अंत्यविधीची मिस्सा करता येत नाही. त्या दिवशी वाचनं, प्रार्थना, दफन, आणि मिस्सा सोमवारी किंवा पुढे. घरच्यांना हे पहिल्याच फोनवर सांगा. नातेवाइकांना मिस्सेची वेळ कळवून झाल्यावर सांगितलं की दुःखात भांडणाची भर. फोनचा क्रम : फादर, कबर खणणारा, गायनवृंद, मग ग्रुपवर संदेश. उलट क्रमाने झालं की वेळ दोनदा बदलते.

सोनचाफा
धर्मशिक्षणाची वेळ मिस्सेआधी की नंतर? आमच्याकडे दर जूनला हाच वाद.

पहिलं वाचन
आधी. वर्ग पाऊण तास, मग दहा मिनिटं मोकळी, मग मिस्सा, वर्गशिक्षकासह एकत्र बसायचं. नंतर ठेवलं की पालक गेटवरूनच मुलं घेऊन जातात आणि दहावीच्या मुलांचे क्लास दहाला सुरू होतात. एकच मिस्सा असलेल्या चर्चला तर दुसरा पर्यायच नाही.

चिकूवाडी
गुरुवारच्या कागदाचा नमुना टाकतो, एका पानात बसतो. वर रविवारचं नाव आणि रंग (हिरवा, जांभळा, पांढरा, लाल, गुलाबी वर्षातून दोनदाच, आगमनकाळाचा तिसरा आणि उपवासकाळाचा चौथा). मग प्रत्येक मिस्सेसाठी : वाचक एक, वाचक दोन, स्तोत्र कोण गाणार, प्रार्थना कोण, गीतांचे क्रमांक पट्टीसह, वेदीसेवक, अर्पण आणणारं कुटुंब, ख्रिस्तशरीर वाटणारे, दान गोळा करणारे आणि मोजणारे. खाली : ओस्त्या शिल्लक, वाईन शिल्लक, उद्देश, जाहिराती. दोन प्रती, एक सॅक्रिस्टीच्या दारावर, एक पेटीवर.

घंटानाद
प्रत्येक नावासमोर एक बदली नाव पण लिहा, आणि 'येत नाही' हे शनिवारी दुपारी बारापर्यंत बदलीलाच कळवायचं, फादरांना नाही.

पेटीवाला
पट्टीचा रकाना ठेवल्याबद्दल आभार. त्यात 'पांढरी एक' असं लिहा, नुसता आकडा नको. नुसतं '१' दिसलं की निम्मे काळी एक धरतात.